एनएचएस डेंटिस्ट : नवीन पेशंट घेणारा कुठे आणि कसा शोधायचा? (इंग्लंड)

निशिगंध
नमस्कार मंडळी,
रेडिंग-वोकिंगहॅम भागात एनएचएसवर (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून) नवीन पेशंट घेणारा डेंटिस्ट हवा आहे. दोन मोठी माणसं, एक सात वर्षांचा मुलगा. एनएचएसच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की यादी येते, पण ‘नवीन पेशंट घेतो’ असं लिहिलेल्या ठिकाणी फोन केला की ‘सध्या फक्त प्रायव्हेट’ असं ऐकवतात. व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज म्हणून मोठ्या माणसाचे वर्षाला १,०३५ पौंड आधीच मोजून घेतात, मग दातांच्या वेळी हात वर का? माझं मत विचाराल तर ही यादी निव्वळ शोभेची आहे.

व्यवस्था आतून माहीत असलेल्यांनी नेमकं सांगा. फोनवर काय विचारायचं, वर्षात कधी विचारायचं, आणि तोवर एखादी जुनी कॅप हलायला लागली तर काय करायचं? ‘भारतात जाऊन करून या’ सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

टवाळखोर
पूर्वी चणे होते तर दात नव्हते. आता दात आहेत, चणे टेस्कोत मिळतात, डेंटिस्ट तेवढा नाही.

वामकुक्षी
यादी शोभेची नाही, शिळी असते. प्रॅक्टिसने, म्हणजे डेंटिस्टच्या दवाखान्याने, आपली माहिती किमान ९० दिवसांतून एकदा अद्ययावत करावी असं बंधन २०२२ पासून आहे. म्हणजे नियम पाळूनही ती तीन महिने जुनी असू शकते, आणि नवीन पेशंटच्या जागा उघडल्या की दोन दिवसांत भरतात.

यादी वाचताना प्रॅक्टिसच्या नावाखालची ओळ नीट वाचा. ‘घेतो’ हे सरसकट नसतं, तीन गट वेगळे असतात: १८ वर्षांवरचे प्रौढ, मोफत उपचाराला पात्र असलेले प्रौढ, आणि ० ते १७ वयाची मुलं. बरेचदा ‘घेतो’ हे फक्त मुलांपुरतं असतं. ‘केवळ रेफरलवर’ असं असेल तर सोडून द्या, ते वेड्यावाकड्या दातांचं, भूल देऊन दात काढण्याचं वगैरे काम असतं. ‘अलीकडे माहिती दिलेली नाही’ असं लिहिलेल्यांना मात्र आवर्जून फोन करा. बाकीचे लोक त्यांना वगळतात, त्यामुळे तिथे गर्दी कमी.

दुसरं म्हणजे अंतर. जीपी म्हणजे नेहमीच्या डॉक्टरसारखी हद्द दातांना नाही. रेडिंगला राहून न्यूबरी, बेसिंगस्टोक, स्लाउ, ऑक्सफर्ड कुठेही जाता येतं. रेल्वेमार्गावरची गावं धरून पोस्टकोड बदलत शोधा. वर्षा-दोन वर्षांतून एकदा जायचं असतं, तासाभराचा प्रवास परवडतो.

साधा_माणूस
यात एक भर. इंग्लंडमध्ये एनएचएस डेंटिस्टकडे ‘नाव नोंदवणं’ हा प्रकारच २००६ पासून नाही. रिसेप्शनवर ‘रजिस्टर’ हा शब्द सगळेच वापरतात, पण कायद्याने प्रॅक्टिसची जबाबदारी चालू उपचार संपेपर्यंतच, आणि त्या कामाची हमी असेल तेवढीच. म्हणून दोन-तीन वर्षं गेला नाहीत की तुम्ही ‘त्यांचे’ राहत नाही. एकदा मिळालेली जागा टिकवायची असेल तर ते सांगतील त्या अंतराने चेकअप चुकवू नका. प्रौढांसाठी हे अंतर ३ ते २४ महिने असू शकतं, मुलांसाठी जास्तीत जास्त १२. ‘दर सहा महिन्यांनी’ हा नियम नाही, सवय आहे.

दंतकथा
एनएचएसच्या प्रॅक्टिसमध्ये काम करते, म्हणून जरा आतलं गणित मांडते. रिसेप्शनवरची बाई ‘नाही’ का म्हणते ते त्याशिवाय कळणार नाही.

प्रॅक्टिस हा खासगी धंदा असतो, तिचं एनएचएसशी वर्षाचं कंत्राट असतं. काम यूडीए नावाच्या एककात मोजतात. चेकअपचा १ यूडीए. फिलिंग किंवा दात काढणं याचे ३. तीन किंवा जास्त दातांचं काम असेल किंवा दाढ सोडून दुसऱ्या दाताचं रूट कॅनॉल असेल तर ५. दाढेचं रूट कॅनॉल ७. कॅप, ब्रिज, कवळी १२. वर्षाला अमुक हजार यूडीए करायचे, त्याचे पैसे बारा हप्त्यांत मिळणार.

आता नवीन पेशंट बघा. पाच-सात वर्षं दात न दाखवलेला माणूस येतो, सहा दात किडलेले. एक्स-रे, हिरड्या मोजणं, सहा फिलिंग. चार-पाच वेळा खुर्ची अडते आणि हिशेबात येतात ५ यूडीए. दर सहा महिन्यांनी येणारा जुना पेशंट पंधरा मिनिटांत १ यूडीए देऊन जातो. कंत्राटच असं आहे की ज्याला गरज जास्त तो परवडत नाही. मार्च २०२४ ते मार्च २०२५ या काळात नवीन पेशंटमागे १५ ते ५० पौंड जादा मिळत होते, ते बंद झालं.

दराचंही सांगते. २०२४ मध्ये यूडीएचा किमान दर २८ पौंड केला. म्हणजे एका फिलिंगचे ३ गुणिले २८, झाले ८४ पौंड. त्या वर्षी पेशंट स्वतः भरत होता ७३.५०. म्हणजे किमान दराच्या प्रॅक्टिसमध्ये सरकारने घातले साडेदहा. एवढ्यात दाताचा डॉक्टर, नर्स, भाडं, निर्जंतुकीकरण सगळं बसवायचं.

आता तुम्हाला उपयोगी भाग. कंत्राटाचं वर्ष एप्रिल ते मार्च. ठरलेल्या कामाच्या ९६ टक्क्यांपेक्षा कमी काम झालं तर एनएचएस पैसे परत मागते. त्यामुळे जानेवारीच्या सुमारास प्रॅक्टिसचे दोन तट पडतात. काहींचा कोटा संपत आलेला असतो, त्या एप्रिलपर्यंत नवीन माणूस घेत नाहीत. काही मागे पडलेल्या असतात आणि त्या अचानक दार उघडतात. जानेवारी-फेब्रुवारीत सगळीकडे एक फेरी फोन करा. मग एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत, नवीन कोटा सुरू झाल्यावर, दुसरी.

कोल्हापुरी_साज
डॉक्टर, म्हणजे डेंटिस्टांचा काहीच दोष नाही म्हणायचं? एनएचएसचा फलक बाहेर, आत गेलं की ‘पांढरं फिलिंग हवं असेल तर प्रायव्हेट’, ‘सफाई हवी असेल तर हायजिनिस्टकडे, ६० पौंड’. हा धंदा नाही तर काय?

दंतकथा
@कोल्हापुरी_साज, दोष आहे आणि तिथे भांडायला हवं. तुमच्या दातांसाठी जे उपचार गरजेचे आहेत ते एनएचएसवर मिळालेच पाहिजेत. ‘हे एनएचएसवर होत नाही’ आणि ‘हे एनएचएसवर होतं पण चांगलं नसतं’ ही दोन वाक्यं प्रायव्हेट गळ्यात मारायला वापरता येत नाहीत.

मात्र सफाईबद्दल गैरसमज आहे. हिरड्यांना सूज, दगड जमलेला असेल तर सफाई एनएचएसच्या चेकअपमध्येच येते, वेगळे पैसे नाहीत. फक्त डाग काढून दात चमकवायचे असतील तर ती तुमची हौस. मागच्या दाढेला पांढरं की चंदेरी हे डॉक्टर ठरवतात. दिसायला बरं म्हणून पांढरं मागितलं तर ते प्रायव्हेट.

टवाळखोर
म्हणजे मशेरीचे डाग स्वखर्चाने. आजीला कळवतो.

दंतकथा
हसू नका, तोच मुद्दा येतो आहे. पहिल्या भेटीत वैद्यकीय माहितीचा फॉर्म भरायला देतात, त्यात तंबाखूच्या जोडीला पान-सुपारीचाही प्रश्न असू शकतो. मशेरी, सुपारी, गुटखा, मावा, जे काही असेल ते खरं सांगा, आणि फॉर्मवर प्रश्न नसला तरी तोंडी सांगा. सुपारीने गालाची आतली कातडी आवळत जाते, तोंड पूर्ण उघडत नाही, आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो. चेकअपमध्ये जीभ, गाल, टाळू बघणं हे १ यूडीएतलंच काम आहे. इथल्या काही तरुण डॉक्टरांनी सुपारी खाणारा पेशंट फारसा पाहिलेला नसतो, त्यामुळे तुम्ही सांगितलं तर ते नीट बघतील.

केतकी_एमके
पैशांचा गोंधळ दूर करते, कारण सरचार्जचा मुद्दा वर आलाच आहे. सरचार्ज भरला म्हणून दात फुकट नाहीत. तो भरल्यामुळे इथल्या रहिवाशाइतकेच हक्क मिळतात, आणि इथला रहिवासीही दातांचे पैसे भरतोच. २०२५-२६ चे इंग्लंडचे दर: बँड १ ला (चेकअप, एक्स-रे) २७.४० पौंड, बँड २ ला (फिलिंग, रूट कॅनॉल, दात काढणं) ७५.३०, बँड ३ ला (कॅप, ब्रिज, कवळी) ३२६.७०. दर बहुतेक दर एप्रिलला वाढतात, तेव्हा फोनवर चालू आकडा विचारून घ्या.

लोक इथे चुकतात: हे दर उपचारांच्या एका फेरीचे आहेत, प्रत्येक दाताचे नाहीत. एक फिलिंग केलं तरी ७५.३०, पाच केली आणि दोन दात काढले तरी ७५.३०, चेकअप आणि एक्स-रे त्यातच. कॅप बसवायची तर ३२६.७० मध्ये रूट कॅनॉलही आलं. म्हणून फेरी अर्धवट सोडू नका. मध्येच दोन महिने भारतात गेलात, प्रॅक्टिसने फेरी बंद केली, तर परतल्यावर मीटर पुन्हा शून्यापासून.

काम पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याच किंवा खालच्या बँडचं आणखी काही निघालं तर त्याच प्रॅक्टिसमध्ये वेगळे पैसे लागत नाहीत. फिलिंग, रूट कॅनॉल, कॅप १२ महिन्यांत निकामी झाली तर दुरुस्ती सहसा मोफत. बँड २ आणि ३ साठी लेखी अंदाजपत्रक देतात, त्याचं नाव एफपी१७डीसी. काही कामं प्रायव्हेट सुचवली असतील तर ती याच कागदावर वेगळी लिहिलेली असली पाहिजेत. हा कागद घेतल्याशिवाय सही करू नका.

श्री_३_१४
फुकट कोणाला? माझा भाचा एमएस्सीला येतोय, ‘विद्यार्थ्यांना फुकट’ असं कोणीतरी सांगितलंय त्याला.

केतकी_एमके
@श्री_३_१४, फुकट ते १८ वर्षांखालच्यांना, आणि पूर्णवेळ शिक्षण चालू असेल तर १८ व्या वर्षीही. १९ पूर्ण झाले की संपलं. एमएस्सीच्या विद्यार्थ्याने एचसी१ फॉर्म भरायचा. उत्पन्न कमी असेल आणि शिल्लक १६,००० पौंडांच्या आत असेल तर एचसी२ म्हणजे पूर्ण माफी किंवा एचसी३ म्हणजे काही भाग माफ असं प्रमाणपत्र येऊ शकतं. खात्यात व्हिसापुरते भारतातून आणलेले पैसे दिसत असतील तर ते शिल्लक म्हणून धरले जाणार, हे ध्यानात ठेवा.

गरोदर बायका आणि बाळ झाल्यापासून १२ महिने मोफत. त्यासाठी मॅटर्निटी एक्झेम्प्शनचं प्रमाणपत्र लागतं, सुईणीला म्हणजे मिडवाइफला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. कित्येक जणी हे वापरतच नाहीत.

आणि खबरदार: फॉर्मवर ‘मोफत’च्या चौकटीत अंदाजाने टिक करू नका. नंतर तपासणी होते. मूळ रक्कम तर भरावी लागतेच, वर १०० पौंडांपर्यंत दंड. शंका असेल तर आधी पैसे भरा, पावती घ्या आणि तीन महिन्यांच्या आत एचसी५(डी) फॉर्मने परत मागा.

एडिंबराचा_पाऊस
शीर्षकात इंग्लंड आहे हे पाहिलं, तरी स्कॉटलंडवाले हा धागा वाचणार म्हणून. इकडे नोंदणी असते, आणि एकदा झाली की आपोआप संपत नाही. चेकअप सगळ्यांना मोफत, २६ वर्षांखाली सगळाच उपचार मोफत. बाकीच्यांनी खर्चाच्या ८० टक्के भरायचे, एका फेरीला कमाल ३८४ पौंड. नोंदणी मिळेना तर आपल्या हेल्थ बोर्डाच्या दंतसेवेला फोन करायचा, ते पब्लिक डेंटल सर्व्हिसकडे पाठवू शकतात. वेल्समध्ये आता डेंटल अ‍ॅक्सेस पोर्टल आहे. तिथे एकाच यादीत नाव घालायचं, जागा झाली की ते कळवतात. दारोदार फोन करायची गरज नाही. इंग्लंडने हे उचलायला हवं.

वामकुक्षी
इंग्लंडमध्ये यादीऐवजी रांग. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात प्रॅक्टिस उघडली तेव्हा रस्त्याच्या कडेने एवढी रांग लागली की पोलिस आले.

पोपटराव_लेस्टर
मुलांसाठी वेगळी वाट धरा, मोठ्यांच्या मागे त्यांना अडकवू नका. मुलांना घेणाऱ्या प्रॅक्टिस तुलनेने जास्त. आधी मुलाची अपॉइंटमेंट घ्या, मग रिसेप्शनवर विचारा, ‘पालकांना कधी घेता?’ पुष्कळ ठिकाणी घरच्यांना रांगेत पुढे सरकवतात.

याच्या उलटा प्रकार मात्र मान्य करू नका: ‘आई-वडील प्रायव्हेट प्लॅनला आले तरच मुलाला एनएचएसवर घेऊ.’ अशी अट घालणं योग्य नाही. तारीख आणि काय म्हणाले ते लिहून ठेवा आणि तुमच्या भागातल्या आयसीबीला, म्हणजे एनएचएसच्या स्थानिक मंडळाला, ईमेल करा. एप्रिल २०२३ पासून दातांची कंत्राटं त्यांच्याकडे आहेत. सोबत स्थानिक हेल्थवॉचला (पेशंटांची बाजू मांडणारी संस्था) प्रत पाठवा. हेल्थवॉचकडे कोणती प्रॅक्टिस खरोखर घेते आहे याची ताजी खबरही बरेचदा असते. हे फारसं कोणी वापरत नाही.

सात वर्षांच्या मुलाला तीन वर्षांपुढच्या सगळ्यांप्रमाणे फ्लोराइड वार्निश वर्षातून दोनदा मिळतं. नाही लावलं तर मागा. दात वेडेवाकडे असतील तर आत्तापासून तारांची घाई नको, बहुतेक कायमचे दात येऊ द्या. पण रेफरल मात्र १८ च्या खूप आधी झालं पाहिजे. एनएचएसवर तारा फक्त गरज मोठी असेल तरच लावतात. ठरवायचं माप १ ते ५ असं आहे, ४ आणि ५ बसतात, ३ मधले थोडेच. आणि वेटिंग लिस्ट मोठी.

नागपुरी_संत्रं
आता मी तो निषिद्ध सल्ला देतोच. सुट्टीत जाणारच आहात ना? नागपूरला गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज आहे, मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी आहे आणि मुंबई सेंट्रलला नायरचं. गोव्यात बांबोळीला. केसपेपर काढायचा, ओपीडीत बसायचं. ‘नवीन पेशंट घेता का’ हा प्रश्नच नाही. एवढं डोकं कशाला फोडायचं?

दंतकथा
@नागपुरी_संत्रं, कॉलेजं उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. अडचण तीन आठवड्यांच्या सुट्टीची आहे. रूट कॅनॉल करून दाढ शांत होते की नाही ते बघून मग कॅप घालायची असते. तिकिटाच्या तारखेला कॅप बसवली, इकडे आल्यावर दोन महिन्यांनी खाली पू झाला, तर कॅपला भोक पाडून किंवा ती काढून पुन्हा सगळं करावं लागतं. इथल्या १२ महिन्यांच्या हमीत ते बसत नाही, आणि दुसऱ्याने केलेलं रूट कॅनॉल पुन्हा उघडायला बहुतेक जण विशेषज्ञाकडेच पाठवतात.

भारतात करायचंच असेल तर साधी कामं करा. मोठं काम असेल तर आधीचा, दाताच्या मुळातल्या नळीची लांबी मोजतानाचा आणि नंतरचा असे तिन्ही एक्स-रे डिजिटल स्वरूपात मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फिल्मचा फोटो चालत नाही. कॅप कशाची आहे, झिर्कोनिया की धातूवर सिरॅमिक, आणि कोणत्या सिमेंटने चिकटवली, हे कागदावर लिहून घ्या. इम्प्लांट असेल तर कंपनी आणि मापाचं कार्ड. त्याशिवाय त्याचा स्क्रू ढिला झाला तर इथे कोणी हात लावत नाही.

कोल्हापुरी_साज
एवढं लिहून द्यायला आमच्याकडचा डॉक्टर तयार झाला पाहिजे.

दंतकथा
मागितलं की देतात. मागत कोणी नाही.

साधा_माणूस
सरकारी खर्चातल्या आणखी दोन वाटा राहिल्या. एक, दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून उपचार. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड, न्यूकॅसल, ब्रिस्टल, प्लिमथ, आणि लंडनमध्ये गाय्ज, किंग्ज वगैरे. शिक्षक शेजारी उभे असतात, काम चोख होतं, पैसे लागत नाहीत. पण एका फिलिंगला दोन-तीन तास लागू शकतात, सगळ्या भेटी कामाच्या दिवशी, आणि विद्यार्थ्याला शिकायला हव्या त्याच प्रकारची केस घेतात. फार गुंतागुंतीचं असेल तर नाकारतात, फार सोपं असलं तरी.

दुसरी वाट मला जास्त पटते: फाउंडेशन ट्रेनिंग देणाऱ्या प्रॅक्टिस. नुकताच पास झालेला डॉक्टर सप्टेंबरच्या सुरुवातीला वर्षभरासाठी रुजू होतो. त्याला हाताखाली पेशंट लागतात आणि त्याच्याकडे आधीचे कमी असतात. ऑगस्टच्या शेवटी फोन करून सरळ विचारा, ‘तुमच्याकडे सप्टेंबरला नवीन फाउंडेशन डेंटिस्ट येतोय का, त्याची यादी उघडणार का?’ हे शब्द ऐकले की रिसेप्शनवरचा सूर बदलतो.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. यादी शोभेची म्हणाले ते मागे घेते, शिळी म्हणते. पण कॅप आणि दुखण्याचं राहिलं. १११ ला, म्हणजे एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन केला की काय होतं? तिथेही ‘जवळच्या डेंटिस्टला विचारा’ म्हणतात असं ऐकलंय.

वामकुक्षी
१११ वर गोलमोल बोललात तर तसंच होतं. तिकडचा माणूस पडद्यावरचे प्रश्न विचारत असतो, उत्तरांवरून किती तासांत बघायचं ते ठरतं. तेव्हा नेमकं सांगा: दुखणं कधीपासून, पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घेऊनही थांबतं का, रात्री झोप लागते का, सूज कुठे आहे, ताप आहे का, रक्त थांबतंय का. आणि तुमचा कोणी नेहमीचा डेंटिस्ट नाही हे स्पष्ट सांगा. वाढवून सांगू नका, पण आपल्याकडच्या सवयीने ‘थोडंसं दुखतंय’ असंही म्हणू नका. मुलगा पाच वर्षांच्या वर आहे, त्याच्यासाठी ऑनलाइन १११ चालेल. पाचच्या खालच्यांसाठी फोनच. सकाळी लवकर करा, त्या दिवसाच्या जागा सकाळीच वाटल्या जातात.

एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमध्ये तातडीच्या ७ लाख जादा अपॉइंटमेंट देण्याची योजना सुरू झाली. त्यामुळे तातडीचं मिळणं हे नेहमीचं मिळण्यापेक्षा सोपं आहे. तातडीच्या भेटीचे पैसे बँड १ इतकेच. दात काढला तरी तेवढेच. मात्र तिथे फक्त आग विझवतात. रूट कॅनॉलचा पहिला टप्पा करून तात्पुरतं सिमेंट भरून पाठवतील, पुढचं काम म्हणजे नवीन फेरी, नवीन पैसे. ते सिमेंट महिनोन्‌महिने टिकत नाही. त्यामुळे तिथून निघतानाच विचारा, ‘पुढचं तुम्ही एनएचएसवर कराल का?’ मागे पडलेली प्रॅक्टिस असेल तर हो म्हणते. आत शिरायचा हाही एक दरवाजा.

सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकली, गिळता येईना, तोंड उघडेना, श्वासाला त्रास व्हायला लागला, तर १११ नाही, सरळ ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग. आणि जीपीकडे दातासाठी जाऊ नका, ते दाताचा उपचार करत नाहीत. नुसत्या अँटिबायोटिकने कीड जात नाही.

दंतकथा
@निशिगंध, कॅपचं सांगते. हलणारी कॅप नुसती सिमेंट सुटल्यामुळे हलते आहे की आतली दाढ मोडली आहे, हे बघितल्याशिवाय कळत नाही. नुसतं सिमेंट असेल तर पुन्हा चिकटवायचे पैसे बँड १ चेच, तातडीच्या भेटीत असो की नेहमीच्या. आतून मोडली असेल तर बँड २ किंवा ३.

तोवर त्या बाजूने चिकट काही खायचं नाही. चिक्की, टॉफी, च्युइंगम बंद. निघालीच तर टाकू नका, धुऊन डबीत ठेवा. गिळली जाण्याची भीती वाटत असेल तर झोपताना काढून ठेवा. केमिस्टकडे तात्पुरतं सिमेंट मिळतं. कॅप आतून पुसून कोरडी करायची, आधी सिमेंटशिवाय बसवून बघायची की चावताना उंच लागत नाही ना, मग सिमेंट अगदी थोडं. उंच लागली तर जोराने दाबू नका, काढून पुन्हा करा. आणि सुपरग्लू नाही. तो लावून आलेली कॅप बहुतेकदा परत वापरता येत नाही, आणि बँड १ चं काम बँड ३ वर जातं.

पोपटराव_लेस्टर
वेटिंग लिस्टबद्दल एक राहिलं. नाव घेतात तेव्हा विचारा की जागा झाल्यावर कळवणार कसे. बहुतेक जण एसएमएस किंवा ईमेलने लिंक पाठवतात, ती दोन-तीन दिवसांत बंद होते आणि नाव यादीतून जातं. त्या प्रॅक्टिसचा नंबर आणि ईमेल फोनमध्ये साठवून ठेवा, म्हणजे स्पॅममध्ये जाणार नाही. भारताच्या नंबरवर नाव देऊ नका. तीन-चार ठिकाणी यादीत नाव असायला काही हरकत नाही, एक मिळाली की बाकीच्यांना कळवा.

श्री_३_१४
पहिल्या अपॉइंटमेंटलाच जाता आलं नाही तर? दंड लागतो का?

केतकी_एमके
एनएचएसवर न आल्याचा दंड घेता येत नाही. पण पुन्हा अपॉइंटमेंट द्यायला प्रॅक्टिस नकार देऊ शकते, आणि नवीन पेशंटच्या बाबतीत पहिल्याच वेळी असा नकार येऊ शकतो. २४ तास आधी फोन करून बदलून घ्या.